जुन्या गाडीला दुसरी रिम: भोकं जुळणं ही फक्त सुरुवात

चारही बोल्ट आत गेले, घट्ट झाले, गाडी जॅकवरून खाली आली, की रिम 'बसली' असं बहुतेकांना वाटतं. बोल्ट आत गेल्यावरून एवढंच कळतं की भोकांचं वर्तुळ साधारण सारखं आहे. तेही साधारणच. जुन्या मिनीच्या हबवर (गाडीचा जो भाग चाकाला धरतो आणि फिरवतो, त्यावर) बोल्टचं वर्तुळ १०१.६ मिमीचं, म्हणजे बरोबर चार इंचाचं असतं. बाजारात ढिगाने मिळणारी १०० मिमीची रिम त्यावर थोडी रेटली की चढते. पण मग नट सरळ बसत नाही, स्टडला (हबमधून बाहेर आलेल्या, नट लागतो त्या आट्यांच्या दांड्याला) बाक येतो, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो बाक हलतो आणि काही दिवसांनी एकतर नट सैल झालेला सापडतो किंवा स्टड तुटलेला.

जुन्या गाडीत आणखी एक भानगड असते. आज तिच्यावर असलेली रिम कंपनीचीच असेल याचा भरवसा नाही. वीस-तीस वर्षांत कुणी तिला दुसऱ्या मॉडेलचे ब्रेकचे ड्रम लावलेले असतात, कुणी स्टड बदललेले असतात, कुणी मागे आणि पुढे वेगवेगळ्या मापाच्या रिम्स घातलेल्या असतात. म्हणून जुनी रिम बघून नवी निवडू नका आणि इंटरनेटवरच्या तक्त्यावरही थांबू नका. तक्ता पडताळायला ठीक आहे. मापं मात्र हबवरच घ्यायची, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही हबवर.

हबवर घ्यायची मापं

व्हर्नियर, स्टीलची फूटपट्टी, एक सरळ लांब पट्टी, तारेचा ब्रश आणि आट्यांमधलं अंतर मोजणारा पिच गेज एवढं लागतं. गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर विसंबू नका. चाक काढल्यावर आधी हबचा चेहरा आणि मधला उंचवटा ब्रशने घासून गंज उतरवा. गंजाचा थर मापात अर्धा मिमी सहज घालतो, आणि इथे अर्ध्या मिमीवर निकाल फिरतो.

पहिलं माप पीसीडीचं, म्हणजे सगळ्या बोल्टच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाचं. चार बोल्टच्या हबवर सोपं काम आहे: एका स्टडच्या आतल्या कडेपासून समोरासमोरच्या स्टडच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. दोन्ही स्टडची जाडी सारखीच असल्यामुळे हेच अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंतचं ठरतं. ज्या गाड्यांत स्टड नसतात, हबमध्ये आट्यांची भोकं असतात आणि बोल्ट बाहेरून येतो, तिथेही भोकांच्या कडा धरून असंच मोजायचं.

पाच बोल्टच्या हबवर समोरासमोर स्टड येतच नाहीत. तिथे शेजारच्या दोन स्टडमधलं केंद्रापासून केंद्राचं अंतर घ्या आणि १.७०१ ने गुणा. ५८.८ मिमी आलं तर पीसीडी १००, ६३.५ आलं तर १०८, ६४.७ तर ११०, ६५.८ तर ११२, ६७.२ तर ११४.३ आणि ७०.५ तर १२०. ११२ आणि ११४.३ यांच्यात मोजायला मिळतात जेमतेम १.४ मिमी, आणि मोजताना झालेली चूक गुणाकारात पावणेदोन पट होते. त्यामुळे एकच अंतर मोजून मोकळं होऊ नका. पाचही अंतरं मोजा, बेरीज करून पाचाने भागा, मग गुणा. पाचांपैकी एखादं अंतर बाकीच्यांपेक्षा ठळक वेगळं आलं तर तो स्टड वाकलेला आहे. रिमच्या आधी त्याचा बंदोबस्त करावा लागेल.

११४.३, १२०.६५, १२७ आणि १३९.७ हे आकडे विचित्र दिसतात, कारण ते मुळात साडेचार, पावणेपाच, पाच आणि साडेपाच इंच आहेत. बीएमडब्ल्यूचं ५×१२० (म्हणजे पाच बोल्ट, पीसीडी १२०) आणि जुन्या अमेरिकन गाड्यांचं ५×१२०.६५ यांची गल्लत फार होते. फरक जेमतेम दोन-तृतीयांश मिमीचा असल्यामुळे रिम चढते, म्हणून लोक चालवतात. न चालवलेलं बरं. काही जुन्या गाड्यांचं माप तर आजच्या कुठल्याच रिमशी जुळत नाही: सुरुवातीच्या बीटलचं ५×२०५, नंतरच्या बीटलचं ४×१३०, सीत्रोएन टूसीव्हीचं तीन बोल्टचं ३×१६०. अशा गाडीला त्याच घराण्याची जुनी रिम शोधायची, किंवा त्याच मापाची नव्याने बनवलेली. तिसरा मार्ग शोधत बसू नका.

दुसरं माप मधल्या उंचवट्याचं. हबच्या मधोमध जो गोल उंचवटा असतो, तो रिमच्या मधल्या भोकात घट्ट बसला पाहिजे. या भोकाला सेंटर बोअर म्हणतात. बऱ्याच छोट्या सुझुकी आणि टोयोटा गाड्यांत हा ५४.१ मिमी, छोट्या होंडांत ५६.१, फोक्सवॅगनमध्ये ५७.१, फियाटमध्ये ५८.१, रेनोमध्ये ६०.१, फोर्डमध्ये ६३.४, मर्सिडीजमध्ये ६६.६ आणि बऱ्याच बीएमडब्ल्यूंत ७२.६ मिमी असतो. ४×१०० हे एकच पीसीडी सुझुकी, होंडा, फोक्सवॅगन, रेनो आणि जुन्या ओपेल अशा सगळ्यांत सापडतं, पण बोअर प्रत्येकाचा वेगळा. 'फोर हंड्रेड आहे, लागेल' हे वाक्य म्हणूनच अर्धं असतं.

रिमचा बोअर हबपेक्षा लहान असेल तर ती चढणारच नाही. तो लेथवर वाढवता येतो, पण मधली जागा पुरेशी जाडीची असेल आणि काम करणारा रिम बोल्टच्या वर्तुळावरून सेंटर करून घेणारा असेल तरच. अंदाजाने पकडून कातलेली रिम कायमची लंगडी होते. बोअर मोठा असेल तर मधे रिंग घालायची. बाहेरून विकत घेतलेल्या बहुतेक अलॉय रिम्सचा बोअर मुद्दाम मोठा ठेवलेला असतो, म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना रिंग बदलून विकता येते. रिंगशिवाय लावली तर नट घट्ट करताना चाक कणभर खाली बसतं आणि ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरतं. मग माणूस दर आठवड्याला बॅलन्सिंग करून घेतो आणि वैतागतो. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक शंकूने मधोमध धरलेलं असतं, तिथे हा दोष दिसणारच नाही.

गाडीचं वजन त्या उंचवट्यावर तोललेलं असतं, असा एक गैरसमज आहे. चालताना भार पेलतो तो रिम आणि हबच्या दाबलेल्या चेहऱ्यांमधल्या घर्षणाने, आणि तो दाब देतात बोल्ट. उंचवट्याचं काम चाक घट्ट होईपर्यंत मधोमध धरून ठेवणं. प्लॅस्टिकची रिंग चालते ती याच कारणाने. फक्त घाटात सतत ब्रेक दाबावे लागणाऱ्या जड गाडीला ॲल्युमिनियमची घ्यावी, कारण तापलेल्या हबवर प्लॅस्टिक मऊ पडतं. ॲल्युमिनियमची रिंग गंजलेल्या हबला चिकटून बसते, तेव्हा लावण्याआधी हब साफ करून ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या पुढच्या हबवर मात्र असा कातलेला उंचवटा नसतोच, नुसती पत्र्याची ग्रीसची टोपी पुढे आलेली असते. तिथे रिंगचा उपयोग शून्य. चाक मधोमध येतं ते नटांच्या उतारावर. अशा हबवर पाहायचं ते इतकंच, की टोपी रिमच्या मधल्या भोकातून आरपार जाते का आणि अलॉयचं मधलं झाकण तिच्यावर आपटत नाही ना.

तिसरं, हबचा चेहरा सपाट आहे का. ड्रम धरून ठेवायला काही स्टडवर कारखान्यातून पातळ पत्र्याच्या क्लिपा घातलेल्या येतात. पत्र्याच्या रिमला मागे खळगा असतो, म्हणून त्या कुणाला दिसत नाहीत. अलॉयचा मागचा चेहरा सपाट असतो. क्लिप तशीच राहिली तर रिम तिच्यावर टेकते, नट घट्ट लागल्यासारखे वाटतात, आणि गाडी चालू लागली की क्लिप चेपून सगळे नट सैल. क्लिपा काढून टाका. ड्रमचा छोटा स्क्रू डोकं वर काढून बसलेला असेल तर तो पूर्ण आत बसवा. मग सरळ पट्टी हबवर आडवी टेकवून फिरवा, कुठे डुगडुगता कामा नये.

रिमवरची अक्षरं

'६ जे × १४ एच२ ईटी ३८' असं काहीतरी रिमच्या आतल्या बाजूला, स्पोकच्या पाठीवर किंवा पत्र्याच्या रिमवर व्हॉल्व्हजवळ ठोकलेलं असतं. ६ म्हणजे टायर बसतो त्या दोन कडांमधली इंचातली रुंदी, अख्ख्या रिमची नव्हे. अख्खी रुंदी साधारण इंचभर जास्त भरते. जे हा कडेचा आकार. जुन्या छोट्या गाड्यांवर बी दिसतो, त्याची कड ठेंगणी असते. १४ हा व्यास. एच२ म्हणजे टायर आत सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना केलेली उंचवट्याची कड. फार जुन्या रिम्सना ती नसते. अशा रिमवर ट्यूबलेस टायर हवा कमी झाल्यावर वळणात आत सरकून एका झटक्यात हवा सोडू शकतो, तिथे ट्यूब घालावी. ईटी म्हणजे ऑफसेट: रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारा चेहरा किती मिमी बाहेर आहे. आकडा वाढला की चाक आत जातं, कमी झाला की बाहेर येतं. बरेच लोक हे उलटं धरतात.

जुन्या पत्र्याच्या रिमवर ईटी ठोकलेला नसतो, तेव्हा मोजावा लागतो. टायर उतरवून रिम दर्शनी बाजू खाली करून ठेवा. वरच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या चेहऱ्यापर्यंत खोली मोजा. ती १२७ मिमी आली, आणि रिमची कडेपासून कडेपर्यंतची अख्खी रुंदी १७८ आली असं धरा. १७८ चे निम्मे ८९. १२७ वजा ८९, ऑफसेट ३८. टायर न काढता मोजलंत तर पट्टी टायरच्या फुगलेल्या बाजूवर टेकते आणि आकडा पाच-दहा मिमीने फसवतो.

आत किती, बाहेर किती

नवी रिम रुंदही असते आणि ऑफसेटही वेगळा असतो, म्हणून दोन्हीचा हिशेब एकत्र करावा लागतो. गाडीवर आता ५.५ जे ईटी ४५ आहे आणि मनात ६.५ जे ईटी ३८ आहे, असं समजा. जुन्या रिमची निम्मी रुंदी ५.५ × २५.४ ÷ २, म्हणजे ६९.८५ मिमी. हबच्या चेहऱ्यापासून आत ६९.८५ + ४५ = ११४.८५, बाहेर ६९.८५ − ४५ = २४.८५. नव्या रिमची निम्मी रुंदी ८२.५५. आत १२०.५५, बाहेर ४४.५५. म्हणजे नवं चाक आतल्या बाजूला ५.७ मिमी जास्त घुसेल आणि बाहेर जवळजवळ २० मिमी निघेल. 'फक्त एक इंच रुंद' या चार शब्दांत हे दोन आकडे लपलेले असतात.

आता हे आकडे गाडीवर मोजून पाहा. आतल्या बाजूला शॉकॲब्सॉर्बरचा दंड आणि स्प्रिंगची वाटी, पुढे स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर चेसीस आणि अँटीरोल बार, मागे मडगार्डची आत दुमडलेली कड. सध्याच्या टायरपासून दंडापर्यंत ९ मिमी मोकळे असतील आणि नवं चाक ५.७ मिमी आत येणार असेल, तर उरतात ३.३. त्यातून टायरची वाढलेली रुंदी वजा करायची. कागदावरच अडतं आणि रिम विकत घेण्याचे पैसे वाचतात. आतल्या बाजूला टायर आणि न हलणाऱ्या भागात निदान ५ मिमी राहायला हवेत, कारण वळणात टायरची भिंत दाबून सरकते. मागचं चाक तपासताना गाडीच्या बॉडीला जॅक लावू नका. जॅक सस्पेन्शनच्या हाताखाली किंवा ॲक्सलखाली लावून चाक वर दाबा, भरल्या गाडीत जिथे येईल तिथपर्यंत. रिकामी उभी गाडी पाहून 'घासत नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

डिस्कब्रेकच्या कॅलिपरचं (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या भागाचं) गणित आकड्यांत येत नाही, कारण ते स्पोकच्या वळणावर अवलंबून असतं. त्याच व्यासाची, त्याच ऑफसेटची एक रिम मोकळी फिरते आणि दुसरी कॅलिपरला घासते. इथे लहान मुलांची खेळायची माती कामाला येते. रिमवर टायर न चढवता स्पोकच्या पाठीवर, कॅलिपरसमोर येईल तिथे, मातीच्या सुपारीएवढ्या तीन-चार गोळ्या चिकटवा. रिम हबवर चढवून तीन नट हाताने लावा आणि हळूहळू एक फेरा फिरवा. काढल्यावर गोळ्या चेपलेल्या दिसतील. सर्वांत पातळ गोळी सुरीने मधोमध कापून तिची जाडी व्हर्नियरने मोजा. तीन मिमीपेक्षा कमी असेल तर ती रिम सोडून द्या. पॅड झिजतात तसा कॅलिपर सरकतो, बेअरिंगमध्ये थोडी ढिलाई असते, आणि आतून चिकटवायच्या बॅलन्सिंगच्या वजनांची जाडी अजून हिशेबात धरलेलीच नाही.

ऑफसेट बदलल्याने न घासताही त्रास होतो. स्टीअरिंग ज्या तिरप्या अक्षाभोवती फिरतं, तो अक्ष जमिनीला टेकतो ती जागा आणि टायरचा मध्य यांत एक ठरावीक अंतर कंपनीने राखलेलं असतं. पाच मिमीचा फरक बहुतेकांना जाणवतही नाही. पंधरा-वीस मिमीने चाक बाहेर आलं की रस्त्यावरच्या खाचा स्टीअरिंग ओढू लागतात, एका चाकाचा ब्रेक जास्त पकडला तर गाडी त्या बाजूला जोरात जाते, आणि बेअरिंगवर लांब दांड्याने भार पडावा तसा भार पडतो. पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाडीत तर पार्किंगलाच कळतं. मागच्या चाकांवर ओढणाऱ्या बऱ्याच जुन्या गाड्यांचा ऑफसेट शून्य ते २५ च्या आसपास असतो, अलीकडच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा ३५ ते ५०. म्हणून आजची रिम जुन्या गाडीवर आत गाडल्यासारखी बसते आणि जुनी खोल रिम नव्या गाडीवर मडगार्डबाहेर येते. मूळ ऑफसेटपासून आत-बाहेर ५ मिमी, फार तर १०, एवढ्यात राहा.

स्पेसर आणि ॲडॉप्टर

हबवर नुसता सरकवायचा ५ मिमीचा स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यात घालायची चकती, हबचा उंचवटा खाऊन टाकतो, म्हणजे चाक मधोमध धरणारं काही उरत नाही आणि स्टडचे आटेही तेवढे कमी पकडतात. लावायचाच तर स्वतःचा उंचवटा असलेला स्पेसर आणि लांब स्टड, दोन्ही मिळून. पीसीडी बदलणारा ॲडॉप्टर, म्हणजे ४×१०० च्या हबवर ४×११४.३ ची रिम लावायची पट्टी, निदान २० ते २५ मिमी जाड लागते. त्याहून पातळ पट्टीत नट बुडायला जागा नसते. आणि २० मिमी जाडी म्हणजे ऑफसेट २० ने कमी, तो हिशेब वर आलाच आहे. ९८ आणि १०० मधला फरक भागवायला डोकं सरकणारे बोल्ट मिळतात, ते चांगल्या प्रतीचे घेऊन रिंगसकट लावले तर निभतं. बाकी या सगळ्या उपद्व्यापात जेवढे पैसे जातात, तेवढ्यात थोडी वाट पाहून बरोबर मापाची रिम मिळते.

व्यास आणि टायर

जुन्या गाडीच्या टायरवर नुसतं '१६५ आर १३' लिहिलेलं असेल तर गोंधळू नका. मधला आकडा नसला की टायरची उंची रुंदीच्या साधारण ८२ टक्के धरायची. त्याचा व्यास: १३ × २५.४ म्हणजे ३३०.२, अधिक १६५ च्या ८२ टक्क्यांची दुप्पट म्हणजे २७०.६, एकूण सुमारे ६०१ मिमी. १८५/७० आर १३ चा असाच ५८९ येतो, १९५/५० आर १५ चा ५७६, १९५/५५ आर १५ चा ५९५.५. १८५/७० काढून १९५/५० घातला तर चाक २.२ टक्के लहान होतं, इंजिन त्याच वेगाला जास्त फिरतं आणि गाडी साडेसहा मिमी खाली बसते. १९५/५५ घातला तर १.१ टक्का मोठं होतं, जे ठीक, फक्त मडगार्ड तपासा. मूळ व्यासाच्या दोन-अडीच टक्क्यांत राहावं. वरच्या बाजूला गेलात तर स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. आकाराने किंवा बाहेर येण्याने बदललेल्या चाकांबाबत तुमच्याकडचा वाहन नियम काय म्हणतो, तेही आधी पाहा.

टायर आणि रिमची रुंदीही जमली पाहिजे. १७५/६५ आर १४ ला ५ ते ६ इंच, १८५/६० आर १४ ला ५ ते ६.५, १९५/५० आर १५ ला ५.५ ते ७. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवला की खड्ड्यात टायरच्या आधी रिमची कड मार खाते. जुन्या गाडीचं सस्पेन्शन उंच टायरच्या मऊपणावर बेतलेलं असतं. दोन इंच मोठी रिम आणि पातळ टायर घातला की ते धक्के रबरी बुश, शॉकॲब्सॉर्बर आणि थेट बॉडीच्या जोडांपर्यंत पोचतात. एक इंच वाढवणं ही माझ्या मते वाजवी हद्द.

एक सापळा जिवावर बेतणारा आहे. सत्तरच्या दशकात मिशेलिनने टीआरएक्स नावाचे टायर काढले, त्यांच्या रिम्स मिमीत मोजलेल्या: ३६५, ३९०. फोर्ड, बीएमडब्ल्यू, सीत्रोएन अशा गाड्यांवर त्या कारखान्यातून आल्या. ३९० मिमी म्हणजे १५.३५ इंच, कडेचा आकारही वेगळा. जुन्या ट्रकच्या १६.५ इंची रिम्सचंही असंच, त्यांची टायर बसायची जागा जास्त उतरती असते. जवळच्या इंचाचा टायर अशा रिमवर कसाबसा चढतो आणि हवा भरताना फुटू शकतो. रिमवर पूर्ण इंचाचा आकडा नसेल तर टायरवाल्याच्या हातात देऊ नका.

भार पाहायचा राहतो. गाडीच्या पाटीवर प्रत्येक ॲक्सलचं कमाल वजन असतं. जड ॲक्सलचा आकडा निम्मा करा, रिमवर ठोकलेला कमाल भार त्यापेक्षा कमी नको. छोट्या गाडीची सुंदर रिम पीसीडी जुळतं म्हणून मोठ्या गाडीला लावली जाते, तिथे हा आकडा कुणी वाचत नाही. बाहेरच्या कंपनीची रिम घेताना जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या जपानी खुणा, किंवा युरोपातली ईसीई आर१२४ ची मान्यता ठोकलेली आहे का ते पाहा.

वापरलेली रिम घेताना

दर्शनी बाजू चकचकीत असते, तिकडे वेळ घालवू नका. रिम उलटी करा. आतली गोल भिंत आणि आतली कड, खड्ड्याचा मार तिथे बसतो. केसाएवढी रेघ दिसली तर नख फिरवा. नख अडकलं तर तडा. वेल्डिंगचा फुगीर पट्टा दिसला तर परत ठेवा. पत्र्याच्या रिमला बोल्टच्या भोकांभोवती आणि मधली तबकडी बाहेरच्या कड्याला जोडलेल्या वेल्डच्या कडेला तडे जातात. तिथे गंजाची बारीक रेघ रंगातून वर आलेली दिसते. बोल्टची भोकं पूर्ण गोल हवीत. ओवल झालेलं भोक म्हणजे ती रिम कधीतरी सैल नटांवर धावली आहे.

रिम हबवर लावून कडेजवळ पेनचं टोक स्टँडला बांधून धरा आणि फिरवा. टोक आणि कड यांतलं अंतर आडवं किंवा उभं एक मिमीपेक्षा जास्त बदलत असेल तर थरथर ठरलेली. नवा रंग दिलेल्या रिमची भोकं जरूर पाहा. नट टेकतो त्या उतारावर आणि हबला टेकणाऱ्या चेहऱ्यावर जाड रंग असेल तर तो पुढे दाबून पातळ होतो आणि नट ढिले पडतात. तेवढ्या जागेचा रंग खरवडून काढा.

फार जुन्या, आश्चर्य वाटावं इतक्या हलक्या रिम्स मॅग्नेशियमच्या असू शकतात. लपलेल्या जागी खरवडून व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर मॅग्नेशियम. त्या आतून कुजतात, रोजच्या गाडीला नकोत. तुकडे बोल्टने जोडलेली रिम असेल तर टायरमध्ये हवा असताना कडेच्या बोल्टना पाना लावायचा नाही. व्हॉल्व्हचं भोकही मोजा: आजचा नेहमीचा व्हॉल्व्ह ११.३ मिमीच्या भोकाचा असतो, जुन्या रिमला १५.७ असेल तर त्याला जाड बुडाचा घ्यावा लागतो.

नट, बोल्ट आणि बसवणं

नटाचा बुडखा तीन प्रकारचा असतो: शंकूसारखा उतरता, गोल आणि सपाट वॉशरचा. बाहेरच्या अलॉय रिम्सना बहुधा ६० अंशांचा शंकू लागतो. होंडाच्या मूळ नटांचा बुडखा गोल असतो, फोक्सवॅगन आणि जुन्या मर्सिडीजच्या बोल्टचाही गोल, पण त्या दोघांची गोलाई एकसारखी नाही. टोयोटाच्या बऱ्याच जुन्या अलॉयना नळीसारखा दांडा आणि सपाट वॉशर असलेला नट लागतो. शंकावलात तर भोकाच्या उतारावर मार्करने रंग फासा, नट हाताने घट्ट करून काढा आणि पाहा. रंग पूर्ण पट्ट्यात पुसला गेला तर जोडी बरोबर. एक बारीक रेघ उठली तर नट फक्त कडेवर टेकतो आहे, तो सैल होणार.

आटे एम१२×१.२५ (जाडी १२ मिमी, दोन आट्यांत १.२५ मिमी) आहेत की एम१२×१.५, हे पिच गेजने पाहा. सुझुकी आणि निसानमध्ये पहिला बराच, टोयोटा आणि होंडात दुसरा. चुकीचा नट दोन फेरे सहज जातो, मग जड लागतो. तिथे पान्याचा जोर लावला की स्टड गेला. नट निदान स्टडच्या जाडीएवढा आत जायला हवा: एम१२×१.५ ला आठ फेरे, एम१२×१.२५ ला दहा, एम१४×१.५ ला साडेनऊ. हातानेच मोजा. अलॉयची बोल्टजवळची जाडी पत्र्याच्या रिमपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून जुने बोल्ट आखूड पडतात. फार लांबही नकोत, कारण मागच्या ड्रममध्ये टोक आत निघून हँडब्रेकच्या यंत्रणेला लागतं. बोल्ट लावल्यावर चाक हाताने फिरवून कान देऊन ऐका. बंद टोकाच्या नटात उलटा धोका: लांब स्टड टोपीच्या तळाला टेकतो, पाना घट्ट सांगतो आणि चाक सैलच असतं.

चाक हवेत असतानाच नट हाताने पुरते लावा, मग समोरासमोर किंवा चांदणीच्या क्रमाने आवळा. खाली उतरवून टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजून देणाऱ्या पान्याने, शेवटचा जोर द्या. गाडीच्या पुस्तकातला आकडा अखेरचा. एम१२ ला तो बहुधा ८० ते ११० न्यूटन-मीटर असतो, एम१४ ला ११० ते १४०. आट्यांना तेल लावू नका. तेलाने त्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. ५० ते १०० किमी चालवून, चाकं थंड असताना, पुन्हा टॉर्क तपासा. आणि स्टेपनी पत्र्याचीच राहणार असेल तर जुने नट-बोल्ट टाकून देऊ नका. एका चाकाचा पूर्ण संच पिशवीत घालून स्टेपनीच्या खोबणीत ठेवा, अलॉयचे लांब बोल्ट पत्र्याच्या रिममधून ड्रमच्या आत पोचतात.